लहान शेतीसाठी पिकअप निवडताना: वजन, ओढ आणि हिशेब

कांदा काढणीला आला, बाजारात भाव बरा आहे आणि गावातल्या सगळ्या गाड्या नेमक्या त्याच दिवशी भाड्याने गेल्या आहेत, हा अनुभव बहुतेक शेतकऱ्यांना आहे. मग ‘आपलीच एक पिकअप असावी’ हा विचार पक्का होतो. शोरूममध्ये गेल्यावर मात्र चर्चा हप्ता, मायलेज आणि हौद्याची लांबी यांवरच थांबते. गाडी किती वजन वाहणार, मागे काही ओढणार का आणि वर्षात किती खेपा होणार, हे प्रश्न राहून जातात. दोन ते पाच एकरांच्या शेतीसाठी पिकअप घेताना हेच प्रश्न आधी सोडवावेत.

आधी कामांची यादी करा

मागील वर्षभरात गाडीची गरज कधी कधी पडली ते कागदावर लिहून काढा. प्रत्येक कामापुढे वजन लिहा. अंदाजासाठी पुढील आकडे उपयोगी पडतात.

- पाणी: 1 लिटर म्हणजे 1 किलो. 1,000 लिटरची भरलेली टाकी म्हणजे 1 टन, शिवाय टाकीचे वजन वेगळे.
- युरियाची गोणी 45 किलो, डीएपीची 50 किलो.
- कांद्याची गोणी साधारण 50 किलो.
- टोमॅटोचे भरलेले क्रेट साधारण 20 ते 25 किलो.
- मोठी संकरित गाय 400 किलोच्या आसपास किंवा जास्त.

यादीतील सर्वात जड काम कोणते आणि ते वर्षातून किती वेळा येते, हे दोन्ही पाहा. वर्षातून दोनदाच येणाऱ्या जड कामासाठी मोठी गाडी घेऊ नका. त्या दोन दिवसांसाठी भाड्याची गाडी स्वस्त पडते.

वहनक्षमता आरसी बुकवरून काढा

हौदा मोठा म्हणजे गाडी जास्त वजन घेते असे नाही. आरसी बुकमध्ये दोन वजने असतात, गाडीचे रिकामे वजन आणि मालासह कमाल वजन. दोन्हींतील फरक म्हणजे तुमची वहनक्षमता. समजा कमाल वजन 2,990 किलो आणि रिकामे वजन 1,690 किलो आहे, तर क्षमता 1,300 किलो. त्यातून चालक आणि सोबतच्या एका माणसाचे 140 किलो वजा केले की 1,160 किलो उरतात. म्हणजे कांद्याच्या 23 गोण्या. चोविसाव्या गोणीला हौद्यात जागा असली तरी गाडीत जागा नाही.

जादा भार भरून गाडी पकडली गेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार 20,000 रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000 रुपये द्यावे लागतात. जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही तुमचाच. टोमॅटोसारखा नाशवंत माल असेल तर उतरवण्यात गेलेला वेळ दंडापेक्षा महाग पडतो.

बाजारातील गाड्यांचे ढोबळ गट

- साधारण 750 किलो: टाटा एस, म्हणजे 2005 मध्ये आलेला ‘छोटा हत्ती’, आणि त्या वर्गातील गाड्या. भाजीपाला, दूध, फुले यांच्या रोजच्या कमी वजनाच्या खेपांसाठी योग्य. अरुंद रस्त्यावर सहज वळते. 1,000 लिटर पाण्याची टाकी मात्र हिच्यावर ठेवू नये.
- साधारण 1.25 ते 1.5 टन: अशोक लेलँड दोस्त आणि तत्सम गाड्या. डांबरी रस्त्याने बाजार समितीपर्यंत नियमित माल नेणाऱ्यांसाठी.
- साधारण 1.3 ते 2 टन: महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा. कच्चा रस्ता, चढ आणि जड माल असेल तर हा गट पाहावा.
- दोन रांगांच्या केबिनच्या गाड्या: घरची माणसे आणि माल दोन्हींची सोय होते, पण हौदा लहान होतो.

एकाच नावाच्या गाडीचे अनेक प्रकार असतात आणि प्रत्येकाची क्षमता वेगळी असते. त्यामुळे विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर न जाता त्या प्रकाराचे माहितीपत्रक मागा.

मागे काही ओढायचे असेल तर

फवारणीची टाकी, लहान दोनचाकी ट्रेलर किंवा चाकांवरचे जनरेटर पिकअपमागे जोडण्याचा विचार अनेकजण करतात. येथे वहनक्षमता आणि ओढक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दीड टन वाहणारी गाडी दीड टन ओढू शकेलच असे नाही. आपल्याकडील बहुतेक लहान मालवाहू गाड्यांच्या माहितीपत्रकात ओढक्षमता दिलेलीच नसते. ती लिहिलेली नसेल तर कंपनीकडून लेखी विचारून घ्या. उत्तर मिळाले नाही तर त्या गाडीमागे ट्रेलर जोडू नये.

- ट्रॅक्टरची ट्रॉली पिकअपला जोडू नका. ती ट्रॅक्टरच्या कमी वेगासाठी आणि जड मागच्या चाकांसाठी बनवलेली असते. उतारावर ट्रॉलीच गाडीला ढकलू लागते आणि पिकअपचे ब्रेक ते वजन थांबवू शकत नाहीत.
- पीटीओवर चालणारा ब्लोअर पिकअपवर चालत नाही. फवारणीसाठी स्वतंत्र इंजिनाचा एचटीपी पंप आणि टाकी हौद्यात बसवणे हाच सोपा मार्ग आहे.
- हूक बंपरला नव्हे, चासीला बसवलेला असावा. गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात चासीला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून हूक लावू नये. कंपनीला मान्य नसलेला बदल विम्याच्या दाव्यात अडचणीचा ठरतो.
- ट्रेलरमधील वजन चाकांच्या किंचित पुढे ठेवावे. एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हुकावर यावा. वजन चाकांच्या मागे गेले तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोके घेतो आणि गाडी ताब्यात राहत नाही.
- हुकावर येणारा भार गाडीच्या वहनक्षमतेतूनच वजा होतो. 600 किलोच्या ट्रेलरमागे किमान 60 किलो कमी धरा, म्हणजे वरच्या उदाहरणात 23 ऐवजी 22 गोण्या.
- अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी हेलकावे खाते. टाकी आडव्या पडद्यांची असावी किंवा रस्त्यावर पूर्ण भरलेली अथवा पूर्ण रिकामी न्यावी.
- हुकाशिवाय सुरक्षा साखळी, मागचे दिवे, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर हवेतच. रात्री न दिसणारा ट्रेलर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव घेतो.

सार्वजनिक रस्त्यावर नेण्यासाठी ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते. विमा कंपनीला ट्रेलरची माहिती देऊन तो पॉलिसीत नोंदवून घ्या.

शेतरस्ता आणि इंधन

काळ्या जमिनीत पावसाळ्यात रिकामी पिकअप आधी अडकते, कारण ओढणारी मागची चाके हलकी असतात. मागच्या अॅक्सलवर मातीच्या दोन-तीन गोण्या ठेवल्या तरी पकड वाढते. रस्ता वर्षातले चार महिने चिखलाचा असेल तर फोर-व्हील-ड्राइव्हचा विचार करा. एरवी त्याच पैशात रस्त्यावर मुरूम टाकून घेणे फायद्याचे.

जड माल, घाट आणि लांब पल्ला असेल तर डिझेल सोयीचे. सीएनजी गाडीचा रोजचा खर्च कमी येतो, पण पंप तुमच्या नेहमीच्या मार्गावर हवा. विजेवरची गाडी रोज ठरलेल्या कमी अंतरासाठी, उदाहरणार्थ दूध संकलन केंद्रापर्यंत, तपासून पाहण्यासारखी आहे.

कागदपत्रे आणि मागे बसणारी माणसे

- हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकाला 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये हे स्पष्ट केले आहे.
- कमाल वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यापुढे लागते.
- फिटनेस प्रमाणपत्र गाडीला आठ वर्षे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे मजुरांना हौद्यात बसवून नेऊ नका. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी धरला जातो, असेच बसवलेले प्रवासी धरले जात नाहीत. अपघात झाला तर भरपाईचा बोजा थेट गाडीमालकावर, म्हणजे तुमच्या जमिनीवर येऊ शकतो. आणि भरपाईने गेलेला माणूस परत येत नाही. मजुरांसाठी प्रवासी वाहन भाड्याने घ्या.

विकत की भाड्याने?

शेवटी हिशेब. खालचे आकडे केवळ उदाहरण आहेत, त्या जागी तुमचे आकडे भरा. समजा हप्ता महिन्याला 14,000 रुपये आणि विमा, टायर, दुरुस्ती मिळून 4,000 रुपये. म्हणजे गाडी उभी असली तरी महिन्याला 18,000 रुपये. बाजारापर्यंतच्या खेपेला भाडे 1,800 रुपये आणि स्वतःच्या गाडीचे इंधन 900 रुपये असेल, तर खेपेमागे 900 रुपये वाचतात. खर्च भरून निघण्यासाठी महिन्याला 20 खेपा हव्यात, त्याही बाराही महिने. तुमच्या स्वतःच्या खेपा सहाच असतील तर उरलेल्या चौदा कोठून येणार, हे गाडी घेण्याआधी ठरलेले असावे. तीन-चार शेजाऱ्यांनी किंवा गटाने मिळून गाडी घेतली तर हा आकडा सहज गाठता येतो. मात्र काढणीच्या दिवसांत कोणाचा माल आधी जाणार, हे आधीच लिहून ठेवा.

जुनी गाडी घेताना

- हौदा रिकामा करून चासी खालून पाहा. पाट्यांच्या जोडाजवळ तडा किंवा नवे वेल्डिंग दिसले तर गाडीने जादा भार वाहिलेला आहे, असे समजा.
- मागचे टायर आतल्या बाजूने झिजलेत का ते तपासा.
- चढावर माल भरून चालवून पाहा. रिकाम्या गाडीची फेरी काहीच सांगत नाही.
- कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, फिटनेस, विमा आणि थकीत दंड आरटीओच्या नोंदीवर तपासल्याशिवाय इसार देऊ नका.

यादी, आरसीवरील वजन आणि खेपांचा हिशेब हे तीन कागद हातात घेऊनच शोरूममध्ये जा. मग कोणती गाडी घ्यायची हे विक्रेता नव्हे, तुमची शेती ठरवेल.