क्रोमबुक : खडेबाजारातील व्यवहारांसाठी उपयुक्तता

क्रोमबुक म्हणजे गूगलच्या क्रोम ओएस या कार्यप्रणालीवर चालणारा, बहुतेक कामे ब्राउझरमधून, म्हणजे संकेतस्थळे उघडणाऱ्या आज्ञावलीतून करून घेणारा हलका लॅपटॉप. एसर व सॅमसंग यांची पहिली क्रोमबुके जून २०११ मध्ये बाजारात आली आणि २ ऑक्टोबर २०२३ पासून एचपी व गूगल यांनी चेन्नईजवळ त्यांचे भारतीय उत्पादन सुरू केले. फाइली मुख्यतः इंटरनेटवरील साठ्यात राहतात, म्हणून यंत्रातील साठवण पुष्कळदा ३२ किंवा ६४ जीबीच असते आणि किंमतही त्यामानाने कमी राहते. मात्र इंटरनेटची जोडणी खंडित झाली की मुख्यतः आधी उतरवून ठेवलेला मजकूर व जोडणीविना चालणारी अ‍ॅप यांवरच काम चालते.

बेळगावच्या खडेबाजारातील कापडव्यापाऱ्याला हे यंत्र पुरेल काय, याचा निर्णय किमतीपेक्षा त्याच्या हिशेबाच्या पद्धतीवर ठरतो. कोल्हापूर वा सांगलीला माल धाडताना राज्याची सीमा ओलांडली जात असल्याने आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरील केंद्राकडून आकारला जाणारा कर लागू होतो आणि मालाचे मूल्य ५०,००० रुपयांवर गेल्यास सामान्यतः ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचे इलेक्ट्रॉनिक पत्रक काढावे लागते. कराचे विवरण व ई-वे बिल ही दोन्ही कामे, तसेच बँकेचे व्यवहार, ब्राउझरमधून होतात. परंतु दुकानाच्या संगणकावर बसवलेले टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोज या कार्यप्रणालीसाठी बनवलेले असल्याने क्रोमबुकवर थेट चालत नाही. ते दूरस्थ सर्व्हरवर भाड्याने घेऊन ब्राउझरमधून वापरता येते खरे, पण त्या भाड्याची भर घातल्यावर यंत्राच्या स्वस्ताईला फारसा अर्थ उरत नाही. अँड्रॉइडची अ‍ॅप चालतात एवढ्यावरून विंडोजची कामेही होतील असा समज करून घेणे व्यापाऱ्याला महागात पडते.

सीमाभागात लिपीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण घरचा पत्रव्यवहार मराठीत आणि सरकारी अर्ज कन्नडमध्ये, अशी दुहेरी गरज येथे नित्याची असते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, वापरल्यास दोन्ही लिप्यांतील टंकन क्रोमबुकवर नीट होते. लग्नपत्रिका व हस्तपत्रके जुळवणाऱ्या छापखान्यांतील जुन्या फाइली मात्र श्रीलिपीसारख्या संचांतील युनिकोडपूर्व फाँटांत असतात आणि पेजमेकर किंवा कोरलड्रॉ या विंडोजवरील मांडणीच्या आज्ञावलींत उघडाव्या लागतात. त्या व्यवसायाला क्रोमबुक उपयोगाचे नाही.

विद्यार्थी, शिक्षक आणि ज्यांचे काम पत्रे, तक्ते, ऑनलाइन वर्ग व अर्ज एवढ्यातच संपते अशा कुटुंबांना ते योग्य ठरते. टॅली चालवणाऱ्या दुकानाने एकमेव संगणक म्हणून ते घेऊ नये. जुने यंत्र घेताना सेटिंगमधील अद्ययावतीकरणाची अंतिम तारीख अवश्य पाहावी, कारण २०२१ व त्यानंतरच्या यंत्रांना मिळणारी दहा वर्षांची मुदत खरेदीच्या दिवसापासून नव्हे, तर त्या यंत्राचा मूळ हार्डवेअर-संच बाजारात आल्यापासून मोजली जाते.