एकादशी, दुप्पट खाशी आणि पंधराशेचा आकडा

शनिवारी मावसभावाचं केळवण होतं. दोन पुरणपोळ्या, वर तुपाची धार, वाटीभर कटाची आमटी, चार भजी आणि मावशीच्या आग्रहाखातर तिसरी पोळी. रात्री घरी येऊन तुम्ही सगळं प्रामाणिकपणे अ‍ॅपमध्ये भरता. बारा दिवस हिरवी राहिलेली पट्टी लाल होते. लक्ष्य १५०० कॅलरींचं होतं, झाल्या २५००. मग डोक्यात दोनच विचार येतात. एक, उद्या दिवसभर काही खायचं नाही. दोन, मोडलंच आहे तर उद्याचा रविवारही जाऊ दे, सोमवारपासून नव्याने सुरू करू.

या दोन्ही विचारांना मोठा इतिहास आहे. त्यातला एक महत्त्वाचा तुकडा पुण्यात घडला.

कॅलरी हा शब्द मुळात वजनासाठी नव्हताच. १८२०च्या आसपास पॅरिसमध्ये निकोला क्लेमाँ वाफेच्या इंजिनांवर व्याख्यानं द्यायचा, त्यात उष्णतेचं माप म्हणून तो आला. तो अन्नाला चिकटवला अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटरने. १८९०च्या दशकात कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात त्याने आणि भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझाने एक बंद खोली उभारली. माणूस त्या खोलीत कित्येक दिवस राहायचा. तिथेच खायचा, झोपायचा, व्यायाम करायचा. त्याच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजला जायचा. पिष्टमय पदार्थांच्या ग्रॅमला ४, प्रथिनांच्या ग्रॅमला ४ आणि चरबीच्या ग्रॅमला ९ कॅलरी, हा तुमच्या अ‍ॅपमागचा हिशोब अ‍ॅटवॉटरच्याच कामातून आला.

अ‍ॅटवॉटरची काळजी मात्र आपल्या उलटी होती. मजुराला थोड्या पैशात पुरेसं अन्न कसं मिळेल, हा त्याचा प्रश्न होता. म्हणजे हे माप आलं ते पोट भरण्यासाठी.

ते वजन घटवण्याकडे वळवलं कॅलिफोर्नियाच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी. १९१८ साली त्यांचं आहारावरचं पुस्तक आलं आणि तुफान खपलं. त्यांनी स्वतः सुमारे ३२ किलो वजन उतरवलं होतं. पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरींचा पाव म्हणा, असा त्यांचा धडा होता. वजन उतरवायचं तर दिवसाला १२०० कॅलरी, हा आकडाही त्यांचाच. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं, अन्न वाचवणं हे देशकार्य होतं. त्यामुळे जास्त खाणं म्हणजे नुसता लठ्ठपणा राहिला नाही, तो जवळजवळ गुन्हा झाला. आकड्याला अशी नीतीची फोडणी बसली. तुमच्या पट्टीचा लाल रंग इथून येतो.

मग दुसरं महायुद्ध आलं. युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे कळावं म्हणून मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण निवडले. शस्त्र धरायला नकार दिलेले हे स्वयंसेवक होते. १९४५ मध्ये सहा महिने त्यांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरी मिळाल्या, शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं सक्तीचं होतं. तो आकडा पुन्हा वाचा. कीज त्याला अर्धउपासमार म्हणत होता. त्या धडधाकट, चालत्या-फिरत्या पुरुषांची गरज आजच्या बैठ्या माणसापेक्षा बरीच जास्त होती, हे खरं. पण त्यांच्या मनाचं काय झालं ते ओळखीचं वाटेल. ते ताटं चाटू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, दिवसभर खाण्याबद्दलच बोलू लागले. काहींनी बाहेर जाऊन गुपचूप खाल्लं. शेवटी कुणालाही एकट्याने बाहेर सोडायचं नाही असा नियम करावा लागला. प्रयोग संपल्यावर काही जण दिवसाला पाच हजारांहून जास्त कॅलरी खात होते आणि तरी भूक भागत नव्हती. निवडलेले, निश्चयी तरुण होते ते. कमी पडली ती इच्छाशक्ती नव्हती.

पण आपल्याकडच्या एका जेवणाच्या आधी सहा महिन्यांची उपासमार नसते. मग तिसऱ्या पोळीनंतर रविवार का जातो?

त्याचं उत्तर १९७५ मध्ये मिल्कशेकमधून मिळालं. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी विद्यार्थिनींना चवीच्या प्रयोगासाठी बोलावलं. काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही. नंतर सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं आणि हवं तेवढं चाखा म्हणून सांगितलं. एरवी मोजूनमापून न खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत स्वतःला आवरणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. मिल्कशेकने त्यांचं पोट भरलं असेल, पण नियम मोडला होता. हर्मनची सहकारी जेनेट पोलिव्ही हिने पुढच्याच वर्षी दाखवलं की खरंच किती कॅलरी पोटात गेल्या यापेक्षा किती गेल्या असं वाटतं, यावर हे ठरतं. या वागण्याला दोघांनी जे नाव दिलं त्याचं मराठी ‘मरू दे, आता काय’ असं होईल.

आपल्या आज्ज्यांना त्यासाठी मिल्कशेक लागला नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

आता मूळ प्रश्न. नियम मोडला तो कशाचा? दिवसाचा. पण शरीर रात्री बारा वाजता वही बंद करतं, हे कुणी ठरवलं? १९५५ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात लष्करी कॅडेट्सचं रोजचं खाणं आणि रोज खर्च होणारी ऊर्जा मोजली गेली. एकाच दिवसाचे दोन आकडे शेजारी ठेवले तर त्यांचा मेळ बसत नव्हता. पंधरा दिवसांची सरासरी घेतल्यावर तो बऱ्यापैकी बसू लागला.

हीच गोष्ट गणिताने मांडायचा प्रयत्न केला तो सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते, नंतर पुण्यात स्थायिक झाले. त्यांचं म्हणणं असं: एकाच माणसाचं खाणं आणि त्याची गरज आठवड्याआठवड्याला वरखाली होत असते आणि शरीर काही मर्यादेत ते सांभाळून घेतं. त्यामुळे एखाद्या दिवशी आकडा सरासरीपेक्षा खाली गेला, एवढ्यावरून कुणाला कुपोषित म्हणता येणार नाही.

तुमच्या केळवणाला हे तंतोतंत लागू पडतं. पण सुखात्मे केळवणाबद्दल बोलत नव्हते, गरिबांबद्दल बोलत होते. १९७१ मध्ये पुण्याच्याच गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० कॅलरी धरून भारतातली गरिबी मोजली होती. १९६०-६१ साली ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरात सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली होते. सुखात्मे म्हणाले, सरासरीची रेष इथे चुकीची आहे, ती खाली हवी. तसं केलं की उपाशी लोकांची संख्या एकदम घटत होती. दांडेकरांनी याला कडाडून विरोध केला. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनीही केला. शरीर सांभाळून घेतं म्हणता, पण त्याची किंमत कोण मोजतं? मुलांची खुंटलेली वाढ आणि मजुराचं घटलेलं काम, ही ती किंमत होती.

या वादातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, चढउतार हा शरीराचा स्वभाव आहे. दोन, चढउतार आणि कायमची कमतरता एक नव्हे. एका दिवसाच्या २५००ला घाबरू नये, तसंच महिनोन्‌महिने शरीराला हजारावर ठेवून ‘ते सांभाळून घेईल’ असंही म्हणू नये.

राहिला हिशोब. समजा तुमची रोजची गरज २००० आहे. सहा दिवस १५०० आणि केळवणाचे २५०० मिळून ११५०० होतात. आठवड्याची गरज १४०००. म्हणजे तिसरी पोळी धरूनही २५०० कॅलरींची घट झालीच. आता ‘जाऊ दे’ म्हणून आणखी तीन दिवस २५०० खाल्लेत तर बेरीज १४५०० होते आणि आठवडा हातचा जातो. नुकसान केळवणाने केलं नाही, पुढच्या तीन दिवसांनी केलं. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो, पण त्यातला बराचसा भाग मिठाने धरलेलं पाणी आणि पोटातलं अन्न असतो. एका किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. एवढ्या एका पंगतीत खाणं कुणाला सोपं नाही. (खाणं वारंवार हाताबाहेर जात असेल, लपूनछपून होत असेल, तर तो हिशोबाचा प्रश्न राहत नाही. मग डॉक्टरकडे जावं.)

अ‍ॅटवॉटरने माणसाला खोलीत एका दिवसासाठी कोंडलं नव्हतं, कित्येक दिवस ठेवलं होतं. एका दिवसाच्या आकड्यावर आपणही भरवसा ठेवायचं कारण नाही. रविवारी सकाळी नेहमीचे पोहे करा, नेहमीएवढेच खा आणि तेवढेच लिहा.