कुत्र्या-मांजरांचे निर्बीजीकरण : शिबिर ठरवण्याआधी सर्जनचा सराव विचारा

राखणीला कुत्रे आणि धान्यातील उंदरांसाठी मांजर, ही बहुतेक शेतवस्त्यांवर असतातच. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. नको असलेली पिल्ले गावाबाहेर सोडली जातात आणि पुढे तीच टोळीने शेळ्या-करडांवर येतात. निर्बीजीकरण हा खात्रीचा उपाय आहे. पण शस्त्रक्रिया कोण करणार, हे आधी विचारावे.

पशुवैद्यकीय पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची असली, तरी ग्रामीण दवाखान्यात हात बसतो तो गाई-म्हशी आणि शेळ्यांवर. बैलाचे खच्चीकरण चिमट्याने, कातडी न कापता होते. कुत्रीचे पोट उघडून अंडाशये व गर्भाशय काढावे लागते. खरी कसोटी अंडाशयाच्या रक्तवाहिनीवर गाठ बांधताना लागते. उजवे अंडाशय अधिक खोल असते, भोवती चरबी असते. गाठ निसटली तर रक्तस्राव पोटातच होतो, बाहेर काही दिसत नाही आणि काही तासांत जनावर दगावते. अंडाशयाचा तुकडा मागे राहिला तर कुत्री पुन्हा माजावर येते. एक कुत्री दगावली, की गाव दुसरी देत नाही, हे विस्तार कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

म्हणून प्रशिक्षणात आधी दोऱ्यावर गाठींचा सराव आणि मग अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष शस्त्रक्रिया, असा क्रम हवा. वजनानुसार भुलीचे प्रमाण आणि भुलीत अंग गार पडू न देणे, हेही त्यातच येते. वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिस या संस्थेची अशी केंद्रे उटीजवळ व गोव्यात आहेत.

भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत. शस्त्रक्रिया व रेबीज लसीनंतर कुत्रे पकडलेल्या जागीच सोडायचे असते. शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातील कुत्री मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानुसार तेथे परत सोडायची नाहीत.

मोठ्या कुत्र्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवावे. लहान पिल्लांना तितका वेळ उपाशी ठेवू नये, रक्तातील साखर उतरते. घरी आणल्यावर जखम कोरडी ठेवावी, चाटू देऊ नये. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, पोट फुगले किंवा जनावर उठेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वेदनेसाठी घरातली पॅरासिटामॉल देऊ नये; मांजरासाठी ती विषच आहे.