बाधा, जन्म आणि कारण : साल्पेत्रिएरच्या मेंदू-संशोधनाचा इतिहास

मेंदूचे व मज्जासंस्थेचे विकार हे मानवी इतिहासात फार काळ आजार म्हणून ओळखलेच गेले नाहीत. ज्वर आला तर औषध शोधावे, हाड मोडले तर ते बांधावे, एवढे शहाणपण बहुतेक समाजांत प्राचीन काळापासून होते. परंतु चालता चालता माणूस कोसळला, त्याच्या तोंडाला फेस आला, हातपाय झटके देऊ लागले, की मात्र औषधाऐवजी दैवी कोपाची भाषा सुरू होई. आपल्याकडे फेफरे आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची आणि पुढे त्याला मांत्रिकाकडे नेण्याची प्रथा कोणी पाहिली नाही? युरोपातही ह्याच आजाराला 'पवित्र आजार' असे नाव होते. इ. स. पू. ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रीक ग्रंथकाराने ह्या समजुतीवर आघात केला. हा आजार इतर आजारांहून अधिक दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे त्याने प्रतिपादिले. मात्र प्रतिपादन करणे वेगळे आणि ते सिद्ध करणे वेगळे. सिद्धतेची पद्धती घडण्यासाठी दोन हजारांहून अधिक वर्षे जावी लागली. ती घडविण्यात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात काम करणाऱ्या, पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेशी निगडित अशा एका संशोधक-गटाचा मोठा वाटा आहे. ह्या गटाने काय साधले आणि तो कोठे चुकला, ह्या दोन्ही गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निराधार स्त्रियांचे रुग्णालय

साल्पेत्रिएर हे मुळात रुग्णालय नव्हतेच. बंदुकीच्या दारूच्या जुन्या कोठाराच्या जागी चौदाव्या लुईच्या १६५६ च्या फर्मानाने उभी राहिलेली ती एक आश्रयशाळा होती, आणि कैदखानाही. भिकारी, निराधार, वृद्ध, वेड्या, अपस्मारी अशा स्त्रियांना शहराच्या नजरेआड ठेवण्याची ती जागा होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे सुमारे ५००० माणसे राहत होती. त्यांतील कित्येकींच्या आजाराला नावच नव्हते. महत्त्वाकांक्षी वैद्यांना अशा ठिकाणी नेमणूक म्हणजे शिक्षा वाटे.

१८६२ मध्ये झाँ-मार्तँ शार्को (१८२५-१८९३) हे तेथे रुग्णविभागाचे प्रमुख झाले. ते एका घोडागाडी बनविणाऱ्या कारागिराचे पुत्र होते. त्यांनी व त्यांचे सहकारी व्ह्युल्पियाँ ह्यांनी एकेक विभाग घेऊन तेथील स्त्रियांची पद्धतशीर तपासणी सुरू केली. हातांना कंप केव्हा सुटतो, स्थिर असताना की वस्तू उचलताना. चाल कशी बिघडते. बोलणे कसे तुटते. कोणता स्नायू आधी रोडावतो, ह्यांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. ह्या स्त्रिया वर्षानुवर्षे तेथेच राहत आणि तेथेच मरत. त्यामुळे जिवंतपणी नोंदलेले लक्षण आणि मृत्यूनंतर मेंदू व मज्जारज्जूत आढळलेला बिघाड ह्यांची सांगड घालणे शक्य झाले. हीच त्या गटाची पद्धती होय.

ह्या पद्धतीची फळे लवकरच दिसू लागली. कंपवाताचे वर्णन लंडनचे जेम्स पार्किन्सन ह्यांनी १८१७ मध्येच केले होते. परंतु थरथरणारे सर्व रुग्ण एकाच गठ्ठ्यात बांधले जात. शार्को ह्यांनी १८६८ मध्ये त्यांतून मल्टिपल स्क्लेरोसिस हा वेगळा विकार स्पष्टपणे बाजूला काढला. त्यात मेंदूत व मज्जारज्जूत ठिकठिकाणी कठीण चट्टे पडलेले असतात. ह्या चट्ट्यांची चित्रे पूर्वी काढली गेली होती, परंतु चट्टे आणि लक्षणे ह्यांचा संबंध इतक्या नेमकेपणाने कोणी जोडला नव्हता. त्यानंतर १८६९ ते १८७४ ह्या काळात स्नायू रोडावत नेणाऱ्या एका असाध्य विकाराचे वर्णन पूर्ण झाले. फ्रान्समध्ये तो आजही शार्को ह्यांच्या नावाने ओळखला जातो. १८८२ मध्ये पॅरिसला मज्जासंस्थेच्या विकारांसाठी स्वतंत्र अध्यासन निर्माण होऊन ते शार्को ह्यांना मिळाले.

परंतु ह्या ज्ञानाचा पाया कोणी पुरविला? १८८५-८६ च्या हिवाळ्यात तेथे शिकून गेलेल्या सिग्मंड फ्रॉईड ह्यांनी शार्को ह्यांच्यावरील मृत्युलेखात एक हकीकत नोंदविली आहे. हात थरथरत असल्यामुळे जिला कोणी कामावर ठेवीना, अशी एक मोलकरीण शार्को ह्यांनी आपल्या घरी ठेवली. तिच्या हातून पुष्कळ बशा फुटल्या, तरी तिला काढून टाकले नाही. ती वारल्यावर तिच्या शवविच्छेदनातून तिचा कंप हा मल्टिपल स्क्लेरोसिसचाच आविष्कार असल्याचे त्यांना दाखविता आले. त्या मृत्युलेखात ह्या बाईचे नाव नाही. वैद्यकाच्या ग्रंथांत संशोधकांची नावे आजारांना मिळाली. ज्यांच्या मेंदूंवरून आजार समजला त्या बहुतेक स्त्रिया अनामिक राहिल्या.

भूतबाधेची फेरतपासणी

ह्या गटाचे दुसरे कार्य सामाजिक स्वरूपाचे होते. शार्को ह्यांचे शिष्य देझिरे बूर्नव्हिल ह्यांनी जुन्या काळातील 'पछाडलेल्या' स्त्रियांच्या व चेटकिणींच्या खटल्यांचे कागद पुन्हा प्रसिद्ध करण्यासाठी एक ग्रंथमालाच चालविली. ज्यांना धर्मपीठांनी सैतानाच्या हस्तक ठरवून जाळले, त्यांतील कित्येक जणी मुळात आजारी होत्या, हा त्यामागील विचार होता. १८८७ मध्ये शार्को व पॉल रिशे ह्यांनी जुन्या चित्रांतील 'भूतबाधित' आकृतींचा वैद्यकीय दृष्टीने अभ्यास करणारे पुस्तक लिहिले. बूर्नव्हिल केवळ लेखनावर थांबले नाहीत. रुग्णसेवा धर्मसंघांच्या हातून काढून प्रशिक्षित परिचारिकांकडे सोपवावी म्हणून त्यांनी झगडा केला; १८७८ मध्ये साल्पेत्रिएर येथे परिचारिकांची शाळा सुरू झाली. १८८० मध्ये त्यांनीच अपस्माराने मरण पावलेल्या एका अल्पवयीन मुलीच्या मेंदूत कंदासारख्या कठीण गाठी दाखवून एका नव्या विकाराची ओळख करून दिली. ज्या झटक्यांना लोक बाधा म्हणत, त्यांचे कारण येथे डोळ्यांना दिसत होते.

कारणाच्या जागी जन्म

येथवरचा इतिहास गौरवाचा आहे. परंतु पुढचा भाग नजरेआड केला, तर तो इतिहास राहत नाही, स्तोत्र होते.

जेथे मेंदूत बिघाड सापडत नव्हता, किंवा बिघाड सापडूनही त्याचे कारण कळत नव्हते, तेथे शार्को ह्यांनी आनुवंशिकतेचा आधार घेतला. मज्जाविकार असणारी कुटुंबे जन्मतःच दूषित असतात. त्या दोषातूनच कोणाला अपस्मार, कोणाला वेड, तर कोणाला पक्षाघात होतो, असा सिद्धान्त त्यांच्या संप्रदायात रूढ झाला. मज्जारज्जूचा 'टेबीस' नावाचा विकार होता. त्यात चाल अडखळते आणि पायांत असह्य कळा येतात. आल्फ्रेद फूर्निए ह्यांनी १८७० च्या दशकातच तो उपदंशाच्या संसर्गातून उद्भवतो असे रुग्णांच्या पूर्वेतिहासावरून मांडले. शार्को ह्यांनी ते अखेरपर्यंत पूर्णपणे मान्य केले नाही. संसर्ग हे फक्त निमित्त, खरे कारण जन्मातले, अशी त्यांची भूमिका राहिली. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची व मूर ह्यांनी उपदंशजन्य वेडाने मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत त्या रोगाचे जंतूच दाखविले आणि फूर्निए ह्यांच्या बाजूने निकाल लागला. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि हा संसर्ग बरा होऊ लागला. जन्मदोष मानून बसलेल्यांना हे औषध कधी शोधावेसेच वाटले नसते.

ह्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हा जन्मदोष एका संपूर्ण समाजाला चिकटविला गेला. ज्यू लोकांत मज्जाविकार विशेष आढळतात असे शार्को आपल्या व्याख्यानांतून सांगत. त्यांचे शिष्य आंरी मेज ह्यांनी १८९३ मध्ये साल्पेत्रिएरला आलेल्या भटक्या ज्यू रुग्णांवर प्रबंध लिहून त्यांच्या भटकंतीलाच विकार ठरविले. १८८१ पासून रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले होत होते आणि लोक जीव वाचविण्यासाठी देशोधडीला लागत होते. घर सुटण्याचे कारण समाजाच्या क्रौर्यात होते. ते शोधले गेले पीडितांच्या रक्तात. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या समाजाचा अनुभव असलेल्या वाचकाला ही विचारसरणी अपरिचित वाटणार नाही.

पुढे युरोपात आनुवंशिक दोषाच्या कल्पनेने जे रूप घेतले, त्याचे सगळे खापर शार्को ह्यांच्यावर फोडणे अन्यायाचे होईल. ती कल्पना त्यांच्या आधीची आणि पुष्कळ व्यापक होती. तथापि परिणाम नोंदविला पाहिजे. १४ जुलै १९३३ रोजी जर्मनीत झालेल्या कायद्याने 'आनुवंशिक' अपस्मार व हंटिंग्टनचा विकार असणाऱ्यांसह अनेकांचे सक्तीने निर्बीजीकरण सुरू झाले. सुमारे चार लाख माणसे त्यास बळी पडली.

ह्याचा अर्थ आनुवंशिकता खोटी असा मात्र नव्हे. शार्को व पिएर मारी ह्यांनी १८८६ मध्ये वर्णिलेला पायांच्या स्नायूंचा विकार खरोखरच आनुवंशिक आहे आणि त्याच्या प्रमुख प्रकारामागील गुणसूत्रातील बदल १९९१ मध्ये सापडला. विशिष्ट विकाराचे विशिष्ट जनुकीय कारण दाखविणे हे शास्त्र आहे. पुराव्याशिवाय घराण्याला वा जमातीला कलंकित म्हणणे ही मात्र बाधेचीच दुसरी आवृत्ती होय.

शिष्याने केलेली दुरुस्ती

हिस्टेरियाच्या बाबतीतही संप्रदाय घसरला. झटके येणाऱ्या तरुण स्त्रियांना संमोहित करून श्रोत्यांपुढे उभे केले जाई, त्यांची छायाचित्रे काढली जात. त्यांतील ओगुस्तीन नावाची एक मुलगी १८८० मध्ये पुरुषाचा वेष करून तेथून पळून गेली. असे नमुनेदार झटके साल्पेत्रिएरबाहेर क्वचितच दिसतात, ते वैद्यांच्या सूचनेनेच घडतात, अशी टीका नान्सीचे बेर्नएम ह्यांनी केली. आंद्रे ब्रुये ह्यांच्या १८८७ च्या प्रसिद्ध चित्रात शार्को व्याख्यान देत आहेत आणि मूर्च्छित स्त्रीला जोसेफ बाबिन्स्की सावरीत आहेत. ह्याच बाबिन्स्कींनी १८९६ मध्ये तळपायावरून ओरखडा ओढून अंगठा कोणीकडे वळतो ते पाहण्याची साधी परीक्षा दिली; तिच्यामुळे मेंदू-मज्जारज्जूचा खरा बिघाड ओळखता येऊ लागला. १९०१ मध्ये त्यांनी गुरूंची हिस्टेरियाविषयीची उपपत्ती मोडीत काढली. आपल्या कल्पनेची फेरतपासणी हवी असे खुद्द शार्को अखेरच्या दिवसांत म्हणाल्याचे त्यांचे चिटणीस ग्विनों ह्यांनी लिहून ठेवले आहे. गुरूचे वचन आणि पुरावा ह्यांत विरोध आला तेव्हा शिष्याने पुरावा निवडला, ही त्या संप्रदायाची खरी थोरवी मानावी लागेल.

आपल्या संदर्भात

हा इतिहास परका समजून सोडून देता येत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या विवाहविषयक अटींत १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही बाधक बाब म्हणून घातली गेली. अपस्मार हा बहुतेकांत औषधांनी आटोक्यात राहणारा मेंदूचा विकार असताना कायद्यानेच त्याच्यावर शिक्का मारला. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा ठरविला. कायदा बदलला, तरी लग्न ठरविताना मुलीचे फेफरे लपविणारी आणि त्यामुळे औषध बंद करणारी घरे अजून आहेत. औषध अचानक थांबविल्याने झटके वाढतात आणि प्रसंगी जीवही जातो.

साल्पेत्रिएरच्या आवारात २०१० पासून पॅरिसची मेंदू-संशोधन संस्था उभी आहे आणि अल्झायमर, पार्किन्सन, अपस्मार ह्यांवरील संशोधन तेथे चालू आहे. तेथून किंवा अन्य कोणत्याही प्रयोगशाळेतून येणारे ज्ञान आपल्या वस्तीत पोहोचते ते शेवटी घरातल्या माणसांच्या वर्तनातून. फेफरे आलेल्या व्यक्तीला कुशीवर वळवावे, तोंडात काही कोंबू नये, झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि नंतर तिचे औषध उघडपणे चालू ठेवावे. एवढे प्रत्येक घरात घडू लागले, तर त्या अनामिक स्त्रियांचे आपल्यावरील ऋण काही अंशी तरी फिटेल.