ईटमधला टेप भंगारात गेला, कॅसेटी तरी वाचवू

परवा ईटच्या चौकात भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. फुटक्या बादल्या, सायकलच्या रिमा, गंजके पत्रे आणि त्या सगळ्यावर पालथा टाकलेला एक डबल कॅसेटचा टेप. झाकण तुटलेलं, एरिअल वाकडी. सहज भाव विचारला तर म्हणाला, "किलोवर जातंय दादा. मोटरीचं तांबं निघतंय तेवढंच."

फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात पन्नास उत्तरं! कुणाला वडिलांचा मर्फी आठवला, कुणाला बुश, कुणाला फिलिप्स. कुणी लिहिलं, माठात स्पीकर उपडा ठेवला की काय बेस यायचा. सगळ्यांचा सूर एकच, काय दिवस होते ते!

दिवस भारीच होते. पण ह्या डब्यांचा इतिहास नुसता गोड नाही. कुणी काय ऐकायचं, कुणी बोलायचं आणि कुणाचा आवाज जपायचा, हे सगळं त्यात आलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रेडिओ. आपला भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा डेक्कन रेडिओ होता आणि त्याची मुख्य भाषा उर्दू. आपल्या मराठी शेतकऱ्याच्या कानाला त्यातलं किती लागत असेल, तुम्हीच विचार करा. पुढे 1950 मध्ये ते केंद्र भारत सरकारच्या ताब्यात आलं.

1956 च्या सुरुवातीला एक मोठा प्रयोग झाला. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत दीडशेच्या आसपास गावं निवडली. प्रत्येक गावात रेडिओ, त्याभोवती शेतकऱ्यांचा गट. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा, ऐकून झाल्यावर चर्चा करायची, शंका लिहून पुण्याला पाठवायच्या आणि उत्तर पुन्हा रेडिओवरून यायचं. पुढे 1959 मध्ये देशभर ज्या ग्रामीण रेडिओ मंडळांची योजना आली, तिचं मूळ ह्या प्रयोगात आहे.

त्या पाच जिल्ह्यांत नगर जिल्हा होता. म्हणजे आपल्या शेजारचं खर्डा ज्या जिल्ह्यात, तिथपर्यंत प्रयोग पोचला. भूम-परांडा मात्र हैदराबाद राज्यात, म्हणून यादीबाहेर. 1795 साली मराठे आणि निजाम जिथं लढले त्या खर्ड्याच्या आसपासची ती जुनी सीमा 1956 सालीही रेडिओच्या आड आली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण तोवर प्रयोग उरकला होता. मराठवाड्याचा अनुशेष म्हटलं की आपण धरणं आणि रस्ते मोजतो. ऐकण्याचाही एक अनुशेष होता, तो कुणी मोजला नाही.

आता लायसनचं बघा. आजच्या पोरांना खरं वाटत नाही, पण रेडिओ ऐकायला सरकारचा परवाना लागायचा. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तकावर नोंद करून घ्यायची. साध्या घरगुती सेटला बरीच वर्षं 15 रुपये पडायचे. शेतमजुराच्या घरात ते 15 रुपये थोडे नव्हते. 1980 च्या दशकाच्या मध्यावर ही लायसनं पूर्ण बंद झाली. जुन्या पेटीत आजोबांचं लायसनचं पुस्तक सापडलं तर फेकू नका. घरात रेडिओ नक्की कधी आला, त्याचा तो लेखी पुरावा आहे.

परवाना काढला तरी मनासारखं ऐकायला मिळेलच असं नव्हतं. 1952 ते 1962 ह्या काळात नभोवाणी खातं बा. वि. केसकर यांच्याकडे होतं, म्हणजे आपल्याच मराठी माणसाकडे. त्यांचा शास्त्रीय संगीतावर जीव आणि सिनेसंगीतावर राग. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोन लावलं. 1952 च्या डिसेंबरात तिथं बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरात गेला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. लोकांचे कान कायद्याने बांधता येत नाहीत, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

तरी रेडिओत एक गोष्ट नव्हती. आपण फक्त ऐकायचो. बोलायचे ते पुण्या-मुंबईचे. आपला आवाज त्या डब्यात जायची सोय नव्हती. ती सोय टेपरेकॉर्डरने केली.

फिलिप्सने छोटी कॅसेट 1963 मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने पसरली ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात. आधी आखातात कामाला गेलेल्या लोकांनी जपानी टू-इन-वन आणले, मग देशी माल स्वस्त झाला. ग्रामोफोनची तबकडी काढायला मोठी कंपनी लागायची. कॅसेटला एक माईक, एक टेप आणि शांत खोली पुरे.

त्यामुळे काय झालं बघा. ज्यांना आकाशवाणीच्या दारात क्वचितच जागा मिळायची, ते आवाज बाजारात आले. प्रल्हाद शिंदे यांचंच उदाहरण घ्या. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं एकाच गळ्यातून, आणि दोन्ही गावोगाव वाजायची. वामनदादा कर्डकांची रचना असलेली गाणी वस्तीवस्तीत पोचवायला कॅसेटने मोठा हात दिला. भारूड, कीर्तन, पोवाडे, गोंधळ, लावणी, सगळ्याची कॅसेट निघायला लागली. शहरात ह्या मालाला कुणी विचारत नव्हतं, पण जत्रेत त्याच्यासाठी गर्दी व्हायची.

आणि गाडीतला टेप! शहरी माणसाला कार स्टिरिओ म्हटलं की फियाट आठवते. आपल्याकडे तो वाजला वडापच्या जीपमध्ये, खव्याच्या गाडीत आणि सगळ्यात जास्त ट्रॅक्टरवर. दसरा-दिवाळीनंतर भूम-वाशी-बीडच्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात निघायच्या. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर संसार, लेकरं, कोंबड्या आणि मडगार्डवर दोन बॉक्स ठोकलेले. रात्रभर टेप चालू. हौस होतीच, पण झोप लागून ट्रॅक्टर रस्ता सोडू नये हाही हिशोब होता. ज्यांचं अर्धं वर्ष पाचटाच्या कोपीत जायचं, त्यांच्यासाठी गावाकडचं गाणं म्हणजे बरोबर नेलेलं गावच.

मराठवाड्यातही हा उद्योग उभा राहिला होता. औरंगाबादच्या धूत घराण्याच्या व्हिडिओकॉनने ऐंशीच्या दशकात टीव्ही बनवायला सुरुवात केली, चितेगावला मोठा कारखाना झाला. 2018 मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एक पिढी त्या कारखान्यात कामाला लागली आणि दुसऱ्या पिढीने त्याची दिवाळखोरी पेपरात वाचली.

आता डीजे. जुन्या टेपची आठवण काढणारे बरेच जण डीजेला शिव्या देतात. थोडा विचार करून द्या. आपल्या काळात लग्नाला कर्णा लावायचो तो काय हळू वाजायचा? अहुजाचा ॲम्प्लिफायर आणि झाडावर बांधलेला भोंगा, पहाटेपासून सगळं गाव जागं. पण फरक आहे, तोही मोठा. भोंग्याने कान किटायचे, आताच्या बॉक्सच्या भिंतीपुढे छाती धडधडते आणि म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, सणावाराला वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट. नियम पंचवीस वर्षांचा आहे. तो पाळायचा की नाही हे गावाने बसून ठरवावं, नुसतं पोलिसांवर ढकलून चालणार नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. टेप भंगारात गेला याचं मला फार दुःख नाही. यंत्र आहे, मोडणारच. बेल्ट सैल होतो, हेड झिजतं, दुरुस्त करणारा म्हातारा होतो. खरी भीती कॅसेटींची आहे.

सिनेमाची गाणी मोबाईलवर मिळतात. पण तुमच्या आळीतल्या भजनी मंडळाची कॅसेट? सप्त्यातल्या कीर्तनाची? त्याची जगात एकच प्रत असते, ती कुणाच्या तरी माळ्यावर. आत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद पट्टी. दमट जागेत तिला बुरशी येते, उन्हात ती वाकते, लोहचुंबकाजवळ आवाज पुसला जातो.

आमच्याच घरातलं सांगतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या वडिलांनी एका कॅसेटवर भरल्या होत्या. पुसू नये म्हणून मागचे दोन तुकडे मोडून ठेवले होते. मी नववीत होतो. त्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले आणि त्यावर सिनेमाची गाणी भरली. आजी आता नाही, कॅसेट अजून आहे. एका बाजूला शेवटी गाणं संपतं आणि आजीचा आवाज येतो, तेवढाच उरलाय. अर्धा मिनिटसुद्धा नाही.

असल्या ओव्यांचं मोल काय असतं? पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचता येतात, कितीतरी ऐकताही येतात. दोन माणसांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एवढं केलं. आपल्याला एका गावापुरतं करायचंय.

काम अवघड नाही. एक चालता टेप शोधायचा. हेड कापसाने आणि स्पिरिटने पुसायचं. हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला जोडून कॅसेट एकदा पूर्ण वाजू द्यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात. फाईलला गाणाऱ्याचं नाव, गाव आणि अंदाजे साल द्यायचं. दोन प्रती करायच्या, एक घरी आणि एक शाळेत नाहीतर वाचनालयात. पट्टी तुटली असेल तर ओढाताण करू नका, जाणत्याला दाखवा.

ग्रामपंचायतीने एक कॉम्प्युटर आणि एक कपाट दिलं तरी सुरुवात होईल. ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. तुम्ही तोवर एवढंच करा, माळ्यावरचा डबा उतरवा आणि आत काय आहे ते बघा. कॅसेटवर कुणाचं नाव लिहिलेलं सापडलं तर इथं कळवा. टेप नसला तर माझा घेऊन जा, चालतोय अजून.