आहाराधारित वजनघट : फॅमिली डॉक्टरांमार्फत चाचणी

वजन उतरवणारा आहारक्रम मोठ्या रुग्णालयाऐवजी नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात राबवून त्याचा परिणाम पडताळण्याची पद्धत. मधुमेही रुग्णांवरील ‘डायरेक्ट’ ही तिची ठळक चाचणी रॉय टेलर व माइक लीन यांनी 2014 पासून ब्रिटनमध्ये घेतली. गट पाडताना चिठ्ठ्या रुग्णांच्या नव्हे, दवाखान्यांच्या टाकल्या गेल्या. निम्म्या दवाखान्यांत नेहमीचेच उपचार राहिले. उरलेल्यांत 3 ते 5 महिने रोज सुमारे 850 कॅलरींची सूप-पेये दिली, मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या आणि पुढे जेवण टप्प्याटप्प्याने सुरू केले. वर्षअखेरीस आहारगटातील 46 टक्के रुग्णांची साखर गोळ्यांविना आटोक्यात होती. दुसऱ्या गटात 4 टक्के.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवण्याचा क्रम घरोघरी पोचवला. असंख्य लोकांचे अनुभव मोलाचेच, पण तुलनेच्या गटाशिवाय ते पुरावा ठरत नाहीत.

सोलापुरात अशी चाचणी घ्यायची तर सूपच्या पाकिटांपेक्षा इथले ताट मोजावे लागेल. मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी कितीही हलकी वाटो, सोबतच्या 30 ग्रॅम शेंगाचटणीतच दीडशेच्या आसपास कॅलरी असतात. शिवाय भारतीयांत कमी वजनातही पोटावर चरबी साठते, म्हणून लठ्ठपणाची सीमा येथे बीएमआय 30 नव्हे, 25 धरतात. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण तोडणे धोक्याचे आहे.