परसातली कोरफड, बाजारातला एळिया

केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले आणि वनौषधींच्या शेतीची हवा आमच्या बार्शीटाकळीपर्यंत पोचली. मीही अर्धा एकर वावरात कोरफड लावली. रोपे विकणाऱ्याने पाने परत घेण्याचा शब्द दिला होता. पाने भरली तेव्हा त्याचा फोन लागेना. आपण एका माणसाकडून फसलो, एवढेच तेव्हा वाटले. पुढे जुने ग्रंथ चाळू लागलो आणि प्रश्न निराळा दिसू लागला : कोरफडीचा व्यापार पूर्वी चालत होता, तो नेमका कशाचा?

कोरफडीच्या एका पानात दोन जिन्नस असतात. सालीलगतचा पिवळा, जहाल कडू चीक आणि आतला पारदर्शक गर. पाने कापून भांड्यावर तिरपी धरली, की चीक ठिबकतो. तो उन्हात वाळवला किंवा आटवला, की काळपट खडे होतात. हाच एळिया, म्हणजे काळा बोळ. वजनाला हलका, वर्षानुवर्षे टिकणारा आणि रेचक म्हणून मागणी असलेला हा माल गलबतांतून हिंडला. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या पोर्तुगीज ग्रंथात त्यावर स्वतंत्र संवाद आहे. सोकोत्रा बेटाचा माल तो उत्तम ठरवतो आणि दख्खनी लोकांच्या तोंडचे ‘अरिआ’ हे नावही नोंदवतो. आपला ‘एळिया’ त्यात सहज ओळखू येतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजाराला काठेवाडातला जाफराबादी एळिया ठाऊक होता. ते जाफराबाद जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ताब्यात होते.

गराची गोष्ट वेगळी. त्यात शेकडा अठ्ठ्याण्णव भाग पाणीच. कापलेले पान फार दिवस टिकत नाही. म्हणून तो घरातच राहिला : भाजल्यावर, केसांना, उन्हाने तापलेल्या अंगाला. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त कोरफडीचे एक नाव ‘गृहकन्या’ आहे. बाजार आणि घर यांनी एकाच पानाची अशी वाटणी करून घेतली होती.

आम्ही गराचे पीक घेतले आणि ते एळियासारखे दूर विकले जाईल असे धरून चाललो. पाने तोडल्याबरोबर गर काढून टिकवणारा कारखाना जवळ नसेल, तर ती टनावारी पाने म्हणजे पाण्याचीच वाहतूक. त्यात आमची काळी जमीन. श्रावणात पाणी धरून ठेवते आणि मुळे सडतात.

एळियाचाही जमाना सरला. अमेरिकेने २००२ साली तो दुकानातल्या रेचक औषधांतून काढायला लावला. गर्भारपणी तर तो टाळावाच. म्हणून आजही पान चिरले, की आधी पिवळा चीक गळू द्यावा, मग गर काढावा.

वावरात आता तूर आहे. धुऱ्यावर कोरफडीची दहा-बारा झाडे राखली आहेत. तव्याचा चटका बसला, की शेजारपाजारचे पान मागायला येतात. गृहकन्येचा एवढाच व्यवहार आमच्याकडे टिकला, आणि त्यात कोणी बुडाले नाही.